तळे कोणाचे?

इ. स. १९०१ च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून निघालेली काही मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. अंगात नवे सदरे, डोक्यावर चकचकीत टोप्या, नेसूला रेशीमकाठी धोतरे, असा त्यांचा थाट होता. सुटीत वडिलांना भेटावयास जाण्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर ओसंडत होता. वडील खटाव तालुक्यात सरकारी कामावर खजिनदार होते. दुष्काळाने गांजलेल्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे एक तलाव खणावयास घेतला होता. मुले येत असल्याचे पत्र वडिलांच्या हाती वेळेवर पडले नाही, त्यामुळे स्टेशनावर त्यांना नेण्यास कोणीच आले नव्हते. पोषाखावरून मुले चांगल्या घरची दिसतात असे पाहून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने विचारपूस केली. मुलांनी आपली जात महार असल्याचे सांगितले. स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला आणि ते दूर झाले.

गाडीतळावर बैलगाड्या होत्या. पण या मुलांना गाडीत घेण्यास कोणी तयार होईना. अखेर दुप्पट भाड्याच्या लोभाने एक गाडीवान कबूल झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण पायी चालावे. रात्र पडली. गाडी एका जकातनाक्यापाशी थांबली. मुलांजवळ घरून दिलेली शिदोरी भरपूर होती. पाणी मात्र थेंबभरही नव्हते. त्यांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून नाकेदाराकडे पाणी मागून पाहिले. तेथेही नकारच मिळाला. पाण्यावाचून घास गिळवेना, म्हणून भरल्या डब्याशेजारी ती मुले उपाशी निजली.

त्या मुलांमध्ये नऊ-दहा वर्षांचा भीमराव होता. सुभेदार रामजी आंबेडकरांचा हा धाकटा मुलगा. तलाव खणणाऱ्या मजुरांच्या वेतनाचा हिशेब ज्याच्या हातून होत होता, त्याच्याच लेकरांना त्या तलावाच्या वाटेवर घोटभर पाणी मिळू नये, हे केवढे विपरीत! परंतु भीमरावाला हे अगदीच नवे नव्हते. साताऱ्याच्या शाळेत इतर मुले तहान लागली की नळाशी जात व आपल्या हाताने तोटी सोडून पाणी पीत. भीमरावाला नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शाळेच्या शिपायाने तोटी सोडली तर पाणी मिळे. शिपाई हजर नसला, तर तहान तशीच घेऊन वर्गात बसावे लागे.

पुढे हाच मुलगा मुंबईस शिकला, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेला, लंडनला जाऊन बॅरिस्टर झाला आणि स्वदेशी परतला. मसूरच्या त्या प्रवासानंतर सव्वीस वर्षांनी, १९२७ साली, पुन्हा एकदा पाण्याचाच प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. हा प्रश्न आता एका मुलाच्या तहानेपुरता नव्हता. एका गावचे तळे कोणाचे, असा तो प्रश्न होता.

ते गाव म्हणजे महाड. रायगडाच्या परिसरात, सावित्री नदीच्या काठी हे जुने व्यापारी गाव वसले आहे. त्या काळी ते कुलाबा जिल्ह्यात मोडे. आज या जिल्ह्याला रायगड जिल्हा म्हणतात. गावात चवदार तळे नावाचे चार-पाच एकरांचे मोठे तळे आहे. त्यात पावसाचे पाणी साठते आणि तळाशी काही जिवंत झरेही आहेत. तळ्याच्या चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आणि त्यांपलीकडे घरे होती. बहुतेक घरे सवर्ण हिंदूंची, थोडी मुसलमानांची. काठाकाठाने बांधलेले घाट व पायऱ्या पुष्कळ ठिकाणी या घरमालकांच्याच मालकीच्या होत्या. तळे मात्र नगरपालिकेच्या ताब्यात होते.

या तळ्यावर हिंदू येत, मुसलमान येत. गुरेढोरे, कुत्री, पाखरे येऊन पाणी पीत. त्यांना कोणी हटकीत नसे. हटकले जाई ते फक्त बहिष्कृत वर्गातील माणसांना. बाजारासाठी किंवा कचेरीच्या कामासाठी दूरदूरच्या खेड्यांतून ते महाडला येत आणि भर उन्हात त्या विस्तीर्ण पाण्याकडे पाहत पुढे जात.

मुंबईच्या कायदेमंडळात हा प्रश्न यापूर्वीच निघाला होता. सीताराम केशव बोले या सभासदांनी १९२३ साली एक ठराव मांडून तो संमत करून घेतला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा राखलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांनाही खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात बसला. तळ्याच्या पायऱ्यांवर मात्र काहीही बदलले नाही. कायद्याने दिलेला हक्क वापरावयास कोणी पाऊल पुढे टाकावे, तर मार बसण्याचे भय. आणि पाऊल पुढे टाकले नाही, तर ‘त्यांना तो हक्क नकोच आहे’ असे म्हणावयास लोक मोकळे!

१९ व २० मार्च १९२७ या दिवशी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. खेड्यापाड्यांतून हजारो माणसे पायी चालत आली. त्यांत शेतमजूर होते, तरुण होते, सैन्यातून निवृत्त झालेले पेन्शनरही होते. इतक्या माणसांना पिण्यासाठी पाणी हवे. हाकेच्या अंतरावर चार-पाच एकरांचे तळे भरलेले असताना परिषदेच्या चालकांना चाळीस रुपये खर्चून पाणी विकत घ्यावे लागले. चाळीस रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हती.

दुसऱ्या दिवशी, परिषद संपण्याच्या सुमारास, नगरपालिकेने दिलेला हक्क आजच बजावावा असे ठरले. चारचारांच्या रांगा करून माणसे मांडवातून निघाली. गावातील रस्त्यांवरून ती शांतपणे तळ्याकडे चालली. घोषणांचा आरडाओरडा नव्हता की हातात शस्त्र नव्हते. तळ्याशी पोहोचताच डॉ. आंबेडकर पायऱ्या उतरले, खाली वाकले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्याले. मागोमाग इतर उतरले. पाणी पिऊन माणसे आल्या वाटेने मांडवात परतली. घडले ते एवढेच.

पण थोड्याच वेळात गावात एक कंडी पिकली. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत, अशी ती बातमी होती. कोणी उठविली, कोणास ठाऊक. खरी मात्र नव्हती. देवळात जाण्याचा बेत परिषदेने केलाच नव्हता. डॉ. आंबेडकरांनी चौकशीस आलेल्या मंडळींना तसे स्पष्ट सांगितलेही. परंतु चिडलेल्या जमावाला खऱ्याखोट्याची चौकशी करण्याइतकी उसंत नसते. लाठ्याकाठ्या घेऊन लोक मांडवावर चालून गेले. तेथे काही प्रतिनिधी जेवत होते, काही गावी परतण्याची तयारी करीत होते. त्यांना मारहाण झाली, अन्न मातीत गेले. रस्त्यात एकटीदुकटी सापडलेली माणसेही मारातून सुटली नाहीत. काहींना गावातील मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला.

या वेळी डॉ. आंबेडकर सरकारी बंगल्यात उतरले होते. त्यांच्याभोवती शंभराच्या आसपास माणसे गोळा झाली. त्यांत पलटणीत नोकरी केलेली, बंदुकीच्या फैरींत उभी राहिलेली माणसे होती. आपल्या भावाबंदांची डोकी फुटलेली ती पाहत होती आणि नेत्याच्या एका शब्दाची वाट पाहत होती. तो शब्द उच्चारला गेला असता, तर महाडच्या रस्त्यांवर त्या संध्याकाळी काय घडले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. डॉ. आंबेडकरांनी तो शब्द उच्चारला नाही. कोणीही उलट हात उचलू नये, असे त्यांनी सर्वांना बजावले. मारहाण करणाऱ्यांविरुद्ध रीतसर खटला झाला आणि त्यांतील पाच जणांना न्यायालयाने शिक्षा दिली.

इकडे तळे ‘बाटले’ म्हणून त्याच्या शुद्धीची तयारी सुरू झाली. तळ्यातील पाण्याच्या एकशे आठ घागरी काढण्यात आल्या. त्यांत दही, दूध, शेण, गोमूत्र घालून मंत्रोच्चारासह ते पाणी पुन्हा तळ्यात ओतण्यात आले. पाणी शुद्ध झाले, असे जाहीर झाले.

आज हे वाचून हसू येईल. हसून सोडून देण्याजोगी मात्र ही गोष्ट नव्हे. शुद्धी करणारी सारीच माणसे दुष्ट होती असे मानणे सोपे आहे. पण ते खरे नाही. त्यांतील कित्येक जण आपल्या घरी सरळ वागणारे, दानधर्म करणारे, शेजाऱ्याच्या अडीअडचणीस धावणारे असतील. सोवळे-ओवळे पाळणे म्हणजेच नीतीने वागणे, असे त्यांना लहानपणापासून शिकविले गेले होते आणि त्यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. ‘आमचा आचार आम्ही पाळतो, तो पाळण्याचे आम्हांला स्वातंत्र्य नाही काय?’ असे त्यांचे म्हणणे होते. या म्हणण्याचा विचार नीट केला पाहिजे, कारण वरवर पाहता ते अगदी रास्त वाटते.

एखादा गृहस्थ पहाटे उठून स्नान करतो, सोवळे नेसतो, स्वतःच्या हाताने रांधतो, स्वतःच्या आडाचेच पाणी पितो. दुसऱ्याला हे विचित्र वाटेल. पण कष्ट पडतात ते त्याचे त्यालाच. थंडीत कुडकुडतो तो स्वतः, उपास घडतो तो त्याला. जोपर्यंत आचाराचा भार आचार करणाराच वाहतो, तोपर्यंत कोणी त्याच्या आड येण्याचे कारण नाही. आता हाच गृहस्थ चवदार तळ्यावर आला आणि त्याच घाटावर दुसऱ्या कोणी पाणी भरलेले त्याने पाहिले, असे समजा. त्याच्यापुढे तीन वाटा आहेत. मनातील किंतू सोडून इतरांसारखे पाणी भरावे, ही एक. ते पाणी आपल्याला चालत नाही म्हणून परत फिरावे आणि आपल्या परसात आड खणावा, ही दुसरी. या दोन्ही वाटा त्याच्या हातच्या आहेत. तिसरी वाट अशी की, आपण तळ्यावर राहावे आणि दुसऱ्याला तेथून हाकलावे. महाडच्या लोकांनी ही तिसरी वाट धरली होती. तीत सोवळे एकाचे आणि तहान दुसऱ्याची, असा प्रकार होता. आचार पाळणाऱ्याला त्यापायी एक पैचीही झीज सोसावी लागत नव्हती.

तर मग सार्वजनिक ठिकाणी कोणाला अडवूच नये काय? तसेही नाही. तळ्यात कोणी गुरे धुऊ लागला, चामडी भिजत घालू लागला, घाण टाकू लागला, तर नगरपालिकेने त्याला अडविलेच पाहिजे. अडविणे हे तिचे कर्तव्यच आहे. घाणीने पाणी खरोखर नासते आणि रोगराई सर्वांनाच भोगावी लागते. शिवाय तो नियम सर्वांना सारखा असतो: घाण करणारा ब्राह्मण असो की महार, हिंदू असो की मुसलमान, त्याला मनाई. चवदार तळ्यावरील मनाई या प्रकारची नव्हती. तेथे माणूस काय करतो हे कोणी विचारीतच नसे. तो कोणाच्या पोटी जन्माला आला एवढेच पाहिले जाई. स्वच्छ हातांनी पाणी पिणाऱ्या बॅरिस्टरामुळे तळे बाटे आणि चिखलात लोळून आलेल्या म्हशीमुळे मात्र ते बाटत नसे! मनात बसलेली कल्पना आणि प्रत्यक्ष होणारी इजा यांतील फरक यापेक्षा स्पष्ट करून दाखविणे कठीण आहे.

ही कल्पना सर्वांच्याच मनात तशीच घट्ट होती, असेही नाही. महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस, तसेच अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही सवर्ण घरांत जन्मलेली मंडळी डॉ. आंबेडकरांच्या बाजूने उभी राहिली. ज्या घरांत विटाळाची शिकवण, त्याच घरांतून ही माणसे पुढे आली. नातेवाइकांचा रोष, जातभाईंची टीका, शेजाऱ्यांचा अबोला हे सर्व त्यांनी पत्करले. आपल्याच माणसांविरुद्ध न्यायाच्या बाजूने बोलणे हेदेखील स्वातंत्र्यच आहे, आणि त्याची किंमत या मंडळींनी पदरची मोजली.

परंतु बहुमत दुसरीकडे होते. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. मते मोजून तळ्याचे दार पुन्हा लागले. अधिक लोकांनी हात वर केले म्हणजे थोड्यांचा हक्क नाहीसा होतो काय, असा नवाच प्रश्न आता उत्पन्न झाला. डिसेंबरमध्ये पुन्हा महाडला जमावे आणि तळ्यावर सत्याग्रह करावा, असे डॉ. आंबेडकरांनी ठरविले.

या वेळी विरोधकांनी निराळा मार्ग काढला. तळे सार्वजनिक नसून खाजगी आहे, असा दावा त्यांनी न्यायालयात लावला आणि १४ डिसेंबर रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. दावा निकालात निघेपर्यंत तळ्याचे पाणी घ्यावयाचे नाही, असा हा हुकूम होता. परिषदेच्या मांडवासाठी गावात कोणी हिंदू जागा देईना. शेवटी एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. २५ डिसेंबरला परिषद भरली. जन्मावरून माणसाचा दर्जा ठरविणारी शिकवण ज्या ग्रंथात आहे, त्या मनुस्मृतीचे दहन या परिषदेत झाले. त्याचा ठराव सहस्रबुद्ध्यांनी मांडला होता.

सत्याग्रहाचे काय, हा प्रश्न मात्र सोपा नव्हता. हजारो माणसे तळ्याचे पाणी घेण्याच्या निश्चयाने आली होती. तुरुंगात जाण्याची त्यांची तयारी होती. पुष्कळांचे मत पडले की, हुकूम मोडावा आणि होईल ती शिक्षा भोगावी. जिल्हाधिकारी स्वतः परिषदेत आले आणि न्यायालयाचा मान राखावा, असे त्यांनी सांगितले. पुष्कळ वाटाघाट झाली. डॉ. आंबेडकरांचा विचार असा होता की, आपले भांडण तळे अडविणाऱ्यांशी आहे. न्यायालयाने अद्याप आपल्याविरुद्ध निकाल दिलेला नाही. तळे सर्वांचे आहे हे ज्या कायद्याच्या आधारे आपण सांगतो, त्याच कायद्याचा हुकूम आपल्याला अडचणीचा वाटताच मोडावयाचा, हे त्यांना पटेना. त्यांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला.

तो ऐकताना समोर बसलेल्या माणसांना काय वाटले असेल? कोणी दोन दिवस चालून आले होते. मार्चमध्ये मार खाल्लेलेही त्यांत असतील. ‘हक्क आपला, आणि थांबावयाचेही आपणच!’ ही त्यांची खंत खोटी म्हणता येणार नाही. थांबण्याचे ओझे नेहमी दुबळ्याच्याच माथी येते, हे सत्यच आहे. तरीही त्यांनी तो सल्ला मानला. मिरवणूक निघाली, तळ्यापर्यंत गेली, तळ्याला प्रदक्षिणा घालून पाण्याला हात न लावता परत आली. मार्चमध्ये पाणी पिण्यास धैर्य लागले होते. डिसेंबरात त्याच पाण्याकाठून कोरड्या ओठांनी परत फिरण्यास लागलेले धैर्य त्याहून कमी होते, असे कोण म्हणेल?

दावा लवकर संपेल ही आशा मात्र फोल ठरली. महाडच्या न्यायालयाचा निकाल १९३१ साली लागला. तो डॉ. आंबेडकरांच्या बाजूने होता. विरोधकांनी ठाण्यास अपील केले. १९३३ साली तेही फेटाळले गेले. मग ते मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. तळ्यावर आपली खाजगी मालकी आहे, हे त्यांचे म्हणणे टिकले नाही. घाटाच्या पायऱ्या कोणाच्या का असेनात, पाणी नगरपालिकेचे होते. राहिला मुद्दा रूढीचा. अस्पृश्यांनी या तळ्यावर यावयाचे नाही ही परंपरागत रूढी आहे आणि परंपरागत रूढीला कायद्याचे बळ असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यावर उच्च न्यायालयाने विचारले ते रूढीच्या वयाविषयी. कायद्यात मान्य होण्यासाठी रूढी अनादि काळापासून चालत आलेली असावी लागते; ‘आमच्या आठवणीत असेच आहे’ एवढ्याने भागत नाही. असा पुरावा विरोधकांना देता आला नाही. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. पहिल्या दिवशी घेतलेल्या त्या ओंजळभर पाण्यास दहा वर्षे पुरी होण्यास तीन दिवस उरले होते. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड हे १९२२ साली अहमदाबादेस महात्मा गांधींच्या खटल्यात न्यायाधीश होते, हाही एक लक्षात राहण्याजोगा योग.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. न्यायालयाने रूढी जुनी ठरली नाही म्हणून तळे खुले केले. ती जुनी ठरली असती तर? हजार वर्षांचा अन्याय शंभर वर्षांच्या अन्यायापेक्षा अधिक नीतीचा होतो काय? जुन्या कायद्यात या प्रश्नाला जागा नव्हती. न्यायाधीश जो कायदा हाती असेल, त्याच्याच मापाने मोजू शकतो. माप बदलावयाचे तर कायदाच नवा लिहावा लागतो.

तो लिहिण्याची वेळ पुढे आली. स्वतंत्र भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद डॉ. आंबेडकरांकडे आले. २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावे घेऊन असे सांगितले आहे की, राज्याच्या पैशातून राखलेल्या किंवा सर्व जनतेसाठी असलेल्या अशा ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही. देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहिरींची आणि घाटांची नावे यावीत, हे परक्या वाचकास नवलाचे वाटेल. महाडची हकीकत ज्याला ठाऊक आहे, त्याला वाटणार नाही. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. आता रूढीचे वय विचारण्याचे कारणच उरले नाही.

त्याच संविधानाने सोवळे पाळणाऱ्या गृहस्थालाही वाऱ्यावर सोडले नाही. पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपल्या विवेकबुद्धीप्रमाणे धर्म मानण्याचे व आचरण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतरांना दिलेले मूलभूत हक्क यांच्या मर्यादेत आहे. एकोणिसाव्या अनुच्छेदातील बोलण्याचे, जमण्याचे, फिरण्याचे स्वातंत्र्यही असेच वाजवी निर्बंधांसह येते. यातील ‘नीतिमत्ता’ या शब्दाचा अर्थ कोणता घ्यावयाचा, यावर आजही न्यायालयांत वाद होतात. महाडच्या शुद्धी करणाऱ्यांनाही आपण नीतीचेच रक्षण करतो असे वाटत होते, हे आठवले म्हणजे हा वाद किती महत्त्वाचा आहे ते कळते.

संविधानात लिहिल्याने सारे पाणवठे एका दिवसात खुले झाले नाहीत. अस्पृश्यता पाळणाऱ्यास शिक्षा देणारा स्वतंत्र कायदा १९५५ साली करावा लागला; १९७६ साली तो अधिक कडक करण्यात आला आणि ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ असे त्याचे नाव झाले. त्याखालील तक्रारी आजही येतात.

दर वर्षी २० मार्चला महाडमध्ये दूरदूरहून माणसे येतात. एस. टी. च्या गाड्या भरभरून येतात, कोणी लहान मुलांना कडेवर घेऊन येतात. पायऱ्या उतरून माणसे तळ्याशी जातात, वाकतात आणि ओंजळ भरतात.